विचारू ते आठवणारा कल्हईवाला

"हितनंच ढकलली. पडल्याचा आवाज बी आला," असं तो म्हातारा विहिरीच्या काठावर उभा राहून म्हणाला, त्याला पुष्कळ वर्षं झाली; पण तो सूर माझ्या कानातून गेलेला नाही. रडणं नाही, भीती नाही. बाजारातून काय आणलं ते सांगावं तसं सांगितलं त्यानं. हातात बेड्या होत्या, बाजूला दोन पंच उभे होते आणि पाणी उपसणारं इंजिन भकभकत होतं.

बाराच्या सुमाराला तळ दिसला. गाळ, एक फुटकी घागर आणि जुन्या मोटेचं कुजकं चामडं. बाई नव्हती.

"कुठंय ती?" फौजदारसाहेबांनी विचारलं.

म्हातारा वाकून बघत म्हणाला, "साहेब, हितंच असायला पायजे व्हती."

तेव्हा मी औरंगाबाद शहरातल्या एका ठाण्यात शिपाई होते. शहराचं नाव आता बदललं आहे, मी त्या वेळचं लिहिते. माझी शाळा चौथीपर्यंत. नवरा पोलिसात होता, तो वारल्यावर मला नोकरीत घेतलं. निजामाचं राज्य संपवणारी पोलीस ॲक्शन होऊन पंचवीसेक वर्षं झाली असतील. ठाण्यात आम्ही दोनच बायका होतो, त्यामुळं बाईमाणसाचं प्रकरण आलं की आमच्यातल्या एकीला उभं करायचे. एरवी लॉकअपमधल्या बायकांना संडासला नेणं, डायरीची पानं आखणं आणि चहा आला का बघणं, एवढंच काम.

आदल्या दिवशी, मंगळवारी दुपारी, एक बाई ठाण्यात आली होती. ठाणे अंमलदारानं तिला दोनदा "नंतर या" सांगून बाहेर बसवलं. मग मी तिला आत घेतलं.

"आमच्या शेजारचा कल्हईवाला," ती म्हणाली. "काल सकाळी बहिणीला घेऊन कामाला गेला, सांजच्याला एकलाच आला. म्या इचारलं, बहीण कुठंय? तर म्हणला, आसंल की घरात. आज इचारलं तर तेच. घरात न्हाय, गल्लीत न्हाय."

"दोघांचं भांडण झालं होतं का?"

"भांडायला तिला बोलता कुठं येतंय?"

बहीण पंचेचाळिशीची होती. जन्मापासून मुकी-बहिरी आणि बुद्धीनं लहान मुलासारखी. आई मेल्यापासून भावानंच सांभाळलेली. तो भांड्यांना कल्हई करायचा आणि ती भाता ओढायची. त्यानं जमिनीवर दोनदा तळहात मारला की ती बसायची, आणि तिच्या गुडघ्याला दोनदा हात लावला की उठायची. "तेवढं केल्याबिगर ती उठत न्हाय," शेजारीण म्हणाली. "एकदा भर पावसात बसून व्हती. आमी वढलं तर चावली."

ही गोष्ट तिनं सहज सांगितली, आम्हीही सहज लिहून घेतली. वैशाख चालू होता. ती कुठं बसलेली असेल तर उठून पाण्यापर्यंतसुद्धा जाणार नाही, हे त्या वेळी ठाण्यात कुणाच्या डोक्यात आलं नाही. माझ्याही आलं नाही.

म्हाताऱ्याचं दुसरं नाव म्हणजे गांजा. अठराव्या वर्षी धरलेली चिलीम साठीपर्यंत सुटली नव्हती. "दिवसातनं पाच-सहा," शेजारीण म्हणाली. "धूर दिसला न्हाय तर समजायचं म्हातारा घरात न्हाय."

त्याला ठाण्यात आणलं. बाईचं प्रकरण म्हणून मला खोलीत बसवून ठेवलं. फौजदारसाहेब साताऱ्याकडचे, तरुण, नोकरीत नवे. जमादार आमच्याच शहरातले आणि जुने.

"बहिणीला कुठं नेलंस?"

"याद न्हाय साहेब."

"काल कुठल्या गावाला गेला होता?"

"काल?" म्हातारा विचार करायला लागला. आपल्याला वाटेल की तो नाटक करतोय, पण तो मनापासून विचार करत होता. "काल गेलो व्हतो व्हय?"

मग मारलं. खोटं कशाला लिहू? त्या काळी असंच व्हायचं. मीही काही बोलले नाही.

जमादार म्हणाले, "रेल्वे स्टेशनवर नेलीस काय रे? गाडीत बसवून दिलीस?" तासाभरानं तो आपणहून म्हणाला, "स्टेशनावर नेली व्हती. गाडी उभी व्हती." माणसं स्टेशनवर धावली. हमाल, चहावाले, भिकारी, सगळ्यांना विचारलं. कुणी पाहिली नव्हती. मग साहेबांनी पाणचक्कीचं नाव काढलं. थोड्या वेळानं तो पाणचक्कीचं सांगायला लागला. हौदापाशी बसवली, कबुतरं होती, असं सगळं. तिथंही काही नव्हतं. बुधवारी सकाळी जमादार चिडून म्हणाले, "विहिरीत ढकललीस का तिला? हर्सूलकडं?" न्याहारीच्या वेळेपर्यंत म्हाताऱ्यानं तिला विहिरीत ढकललं होतं. अटक दाखवली. जीपमधून हर्सूलच्या पलीकडं नेलं. जमादारांनी पहिली विहीर दाखवून "हीच का?" विचारलं, तर तो म्हणाला, "हीच."

पुढचं मी सुरुवातीला लिहिलंच आहे.

विहिरीवरून परत आल्यावर साहेब म्हणाले, "पक्का बनेल आहे. प्रेत दुसरीकडं टाकलंय. चार वाजता कोर्टात उभा करतो आणि रिमांड घेतो." त्यांनी कालपासूनचे जबाब माझ्यापुढं टाकले आणि क्रमानं लावायला सांगितलं. मला वाचायला वेळ लागतो. एकेक अक्षर लावत वाचताना माझ्या एक गोष्ट लक्षात आली. जबाबात प्रश्न लिहीत नाहीत, फक्त उत्तरं लिहितात. कागद वाचणाऱ्याला वाटतं की माणूस आपणहून भडाभडा बोललाय. पण मी खोलीत होते, मी प्रश्नही ऐकले होते. स्टेशन पहिल्यांदा जमादार बोलले होते. पाणचक्की साहेब बोलले होते. विहीरही आमचीच. म्हाताऱ्याच्या तोंडून असं एकही ठिकाण आलं नव्हतं, की जे आधी आमच्या तोंडून आलं नाही.

मला नवल वाटलं. मार खाऊन कबूल होणारी माणसं मी पाहिली होती. ती मान खाली घालतात आणि सांगाल तेवढंच "हो" म्हणतात. हा तर कबुतरं घालत होता, पडल्याचा आवाज घालत होता.

मी लॉकअपकडं गेले. म्हातारा गजाशी टेकून बसला होता. पाऊण तासापूर्वी मीच त्याला चहा दिला होता, कप अजून तिथंच पडला होता.

"बाबा, चहा प्यालात का?"

"कुणी दिलाच न्हाय."

मी कप दाखवला. त्यानं कपाकडं पाहिलं आणि म्हणाला, "मग दिला असंल."

म्हटलं, आता बघूच. "बाबा, परवा आपण गुलमंडीवर भेटलो होतो, लक्षात आहे ना?" मी त्याला मंगळवारच्या आधी जन्मात पाहिलेलं नव्हतं.

"व्हय की. भेटलो की. तुमच्या हातात पिशवी व्हती."

"आणि माझा मुलगा बरोबर होता."

"व्हता ना. लई उड्या मारत व्हता."

मला मूलबाळ नाही.

एवढ्यात जमादार तिथून गेले. त्यांना बघून म्हातारा म्हणाला, "ह्यांच्या आईकडं तांब्याची तपेली हाय. काठाला जोड दिलेला. जोडाला कल्हई धरत न्हाय, दोनदा लावावी लागती." जमादार थांबले. त्यांची आई वारून चौदा वर्षं झाली होती. तपेली खरी होती, जोडही खरा होता.

मी साहेबांकडं गेले. "साहेब, तो लपवत नाही. त्याच्याकडं सोमवारचा दिवसच नाही. रिकाम्या जागेत आपण जे टाकतो, तेच त्याला आपलं वाटतं. पण जुनं सगळं जागेवर आहे."

"म्हणजे खून झालेला नाही म्हणता?"

"मला माहीत नाही. त्यालाही माहीत नाही."

"मग बाई, माहीत कुणाला आहे?"

"त्याला काही विचारू नका. त्याच्या हाताला काम द्या. बहिणीला घेऊन तो एकच काम आयुष्यभर करत आलाय. ते करताना काय करतो ते बघू."

साहेब हसले. जमादार मात्र हसले नाहीत. त्यांना तपेली लागली होती. ते म्हणाले, "साहेब, तासाभरानं काय बिघडतंय? कोर्ट चारला." मग मी म्हणाले, "आणि बाई जिवंत असली तर ती कुठंतरी बसलेली आहे. तिसरा दिवस आहे. ती उठत नाही, शेजारणीनं सांगितलंय." साहेबांनी घड्याळ बघितलं. "तीनपर्यंत," म्हणाले.

त्याच्या घरून भाता, सांडशी आणि नवसागराची पुडी मागवली. ठाण्याच्या चहाचं पितळी पातेलं घेतलं. त्याला कल्हईची गरज होतीच. मागच्या अंगणात म्हाताऱ्याची बेडी काढली. मी सगळ्यांना सांगितलं, कुणी एक शब्द विचारायचा नाही.

त्यानं मातीत खड्डा केला, भात्याचं तोंड बसवलं, कोळसे रचले. मघाशी चहा प्याल्याचं न आठवणारा माणूस, पण हात कुठं अडला नाही. भाता ओढायला एका शिपायाला बसवलं होतं. त्याला म्हणाला, "हळू, लेका. पंप मारतोस का सायकलीला?" शिपाई वैतागला, आम्ही तोंड फिरवून हसलो. पातेलं तापलं. म्हाताऱ्यानं चिमूटभर नवसागर टाकला, पांढरा धूर उठला. मग नजर पातेल्यावरच ठेवून त्यानं डावा हात बाजूला नेला आणि जमिनीवर चाचपला. तिथं काही नव्हतं. पुन्हा चाचपलं.

"कथील कुठाय?" तो स्वतःशीच म्हणाला. कल्हई कथलाची करतात. कथलाशिवाय पुढचं काम होत नाही.

मी शेजारी बसले होते. मी फक्त म्हटलं, "कुठं असतं?"

"तिच्याखाली."

"आणि ती?"

"नाक्यावर. करोडगिरीच्या." माझ्याकडं बघून, मला एवढंही कळत नाही असं वाटल्यासारखं, तो म्हणाला, "कथील दुसरं कुठं लपवणार, बाई? आत झडती घेत्यात ना."

साहेबांना काही कळलं नाही. ते साताऱ्याचे. पण मी आणि जमादार निजामाच्या राज्यात वाढलो होतो. करोडगिरी म्हणजे निजामाची जकात. वैजापूरच्या पलीकडं निजामाची हद्द संपायची आणि इंग्रजांची सुरू व्हायची. तिकडं कथील स्वस्त. ते इकडं आणताना नाक्यावर झडती व्हायची. म्हातारा तेव्हा तरुण होता. तो नाक्याच्या ओट्यावर बहिणीला बसवायचा, कथलाची पिशवी तिच्या लुगड्याखाली ठेवायचा आणि स्वतः हत्यारं घेऊन आत जायचा. वेड्या मुक्या बाईला कोण उठवणार? दुसऱ्या दारानं बाहेर आला की तिच्या गुडघ्याला हात लावायचा आणि दोघं चालू लागायची. हे त्यानं कितीतरी वर्षं केलं होतं. ॲक्शन झाली, हद्द गेली, नाका ओस पडला. हाताची सवय तेवढी राहिली होती.

म्हातारा आणखी काय काय सांगत होता, त्या वेळच्या शिपायांची नावं, कोण किती हरामखोर होता ते. साहेबांनी सगळं ऐकलं नाही. वैजापूरकडच्या ठाण्याला बिनतारी संदेश दिला, तर त्यांची जीप बाहेर गेलेली. मग आम्हीच निघालो. म्हाताऱ्याला बरोबर घेतलं. वाटेत तो झोपला.

जुना रस्ता सोडून नवा रस्ता फर्लांगभर बाजूनं काढलेला होता. त्यामुळं नाका रस्त्यावरून दिसत नव्हता. विचारत विचारत पोहोचेस्तोवर उन्हं कलली होती. तीन भिंती, वर छप्पर नाही, एक दगडी ओटा आणि त्यावर सावली धरणारं लिंबाचं झाड. ओट्यावर ती बसलेली होती.

ओठ फाटलेले, डोळे आत गेलेले, लुगडं खराब झालेलं. एका शिपायानं दंडाला धरून उठवायला पाहिलं, तर तेवढ्याही अवस्थेत ती त्याच्या हाताला चावली. शेळ्या राखणारी एक बाई लांबून बघत होती, ती जवळ आली. "दोन दिस झालं बसलीया. म्या पाणी पाजलं, भाकर दिली. उठंना. कुणाची तरी वाट बघतीया म्हणून ऱ्हाऊ दिली." त्या बाईच्या पाण्यावरच ती तगली होती.

म्हातारा जीपमधून उतरला. बहिणीला बघून त्यानं कपाळाला आठी घातली. "हितं काय करतीस गं? म्या घरभर हुडकतोय." घरात त्यानं तिला एकदाही शोधलं नव्हतं. त्याला ते खरं वाटत होतं, एवढंच. मग तो वाकला आणि तिच्या गुडघ्याला दोनदा हात लावला. ती उठायला गेली, पण पाय धरले होते, तिला उचलून घ्यावं लागलं. खाली कथलाची पिशवी होती. नाक्याच्या मागच्या भिंतीशी चिलमीची राख सांडलेली होती. सोमवारी वैजापूरकडच्या एका लग्नाच्या घरची भांडी करून तो परत निघाला, जुन्या वाटेनं इथं आला, तिला बसवलं, आत गेला, मागं चिलीम ओढली. दुसऱ्या बाजूनं बाहेर पडून नव्या रस्त्यावर एस.टी. धरली. चिलमीच्या पुढचं काही डोक्यात रुजलंच नाही. हे आम्ही राखेवरून आणि नंतर त्या लग्नघरच्यांना विचारून जुळवलं. त्याच्याकडून ते कधीच मिळालं नाही.

दोघांना सरकारी दवाखान्यात ठेवलं. तिला उन्हामुळं आणि त्याला आमच्या मारामुळं. तिथल्या डॉक्टरांना मी विचारलं, गांजानं असं होतं का? ते म्हणाले, सगळ्यांचं एवढं होत नाही. याचं वय आहे, कुपोषण आहे, आणि चाळीस वर्षं रोजची चिलीम. जुनं सहसा पुसलं जात नाही, नवं धरून ठेवणं जमत नाही. आणि धरलेलं नसलं की माणूस दुसऱ्यानं सांगितलेलं आपलं समजतो. बंद केलं तर थोडं सुधारतं, असंही ते म्हणाले.

ते खरं की कसं, हे मला बघायचं होतं. मी ड्युटी संपली की जायचे आणि एकच प्रश्न विचारायचे, "सकाळी काय खाल्लं?" पहिल्या आठवड्यात तो चिडचिड करायचा, झोप नव्हती, म्हणायचा, "तुमीच सांगा." मी काहीही सांगितलं की ते त्यानं खाल्लेलं असायचं. एकदा मी त्याला नुसतं बोलण्यातच श्रीखंड खायला घातलं, त्यानं त्याची तारीफही केली. तिसऱ्या आठवड्यात एक दिवस म्हणाला, "दलिया. पातळ व्हता. आन् काल बी तुमी हेच इचारलं. दुसरं काय काम न्हाय का तुमाला?" मी परत येऊन हे साहेबांना सांगितलं. त्यांनी तो विहिरीचा जबाब काढून माझ्यापुढं ठेवला. "बाई, हा कागद कोर्टात गेला असता," म्हणाले. त्यावर शेरा मारून त्यांनी तो फायलीला लावला, फाडला नाही. फाडायलाही नको होता.

लोक विचारतात, नोकरीत काय शिकलात? मी हे शिकले. पुढं मी जमादार झाले, नवीन पोरं हाताखाली आली, तेव्हा त्यांना एकच सांगायचे. प्रश्नात उत्तर घालू नका. "स्टेशनवर गेलास का?" विचारू नका, "मग?" विचारा आणि गप्प बसा. गांजा ओढणाऱ्याला तर नाहीच, पण घाबरलेल्याला, म्हाताऱ्याला, लेकराला, कुणालाच नाही. आणि कबुली मिळाली म्हणून खूश होऊ नका. खोटं बोलणारा माणूस आपल्याला फसवतो, हे सगळ्यांना माहीत असतं. खरं बोलायचा प्रयत्न करणारा रिकामा माणूस त्याहून जास्त फसवतो, कारण त्याला आपण सोडून कुणी काही सांगितलेलं नसतं. पोरं मान डोलवायची आणि दुसऱ्या दिवशी तेच करायची. काही जण सुधारले.

त्यानंतर लॉकअपमध्ये कुणी जुना गांजेकस आला की मी त्याच्याशी बोलत बसायचे. तीन वस्तू सांगायच्या, चहा द्यायचा, मग विचारायचं. कुणाला तिन्ही यायच्या, कुणाला एकही नाही. सगळ्यांना एका मापानं मोजता येत नाही, हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे. त्यामुळं गांजा ओढला की माणूस वेडा होतो असं कुणी म्हणालं तर मी मान्य करत नाही. आणि काही होत नाही म्हणालं तर त्याहून नाही.

म्हातारा दवाखान्यातून सुटल्यावर काही महिने चिलमीपासून लांब राहिला, मग पुन्हा धरली. बहिणीला मात्र शेजारणीनं त्याच्याबरोबर गावाबाहेर जाऊ दिलं नाही. तो तीन वर्षांनी वारला. बहीण त्याच्यानंतर बारा वर्षं जगली.